डाळिंबाच्या आळ्यात पाला कुजेना, रिपोर्टात कॉपर १४.२: जीवामृत, ट्रायकोडर्मा कशाचाच गुण येत नाही

माणकाठ (सांगोला)

राम राम मंडळी. डाळिंबाची बाग सांगोला तालुक्यात, भगवा वाण, १४ बाय १० फुटांवर, एकरी तीनशे दहाच्या आसपास झाडं. लागण वडिलांच्या हातची, २००६ सालची. रान मुरमाड, वर जेमतेम वीतभर माती, खाली चुनखडी. पिन होल बोररनं (खोड पोखरणाऱ्या बारीक किड्यानं) आमच्या शिवारातल्या निम्म्या बागा गेल्या, आमची कशीबशी टिकली. पण आता वेगळंच काहीतरी चाललंय.

आळ्यातला पाला कुजत नाही. मागच्या पानगळीचा पाला आळ्यात अजून पान न् पान ओळखू येतंय. हातात घेतला तर शिरा, देठ सगळं शाबूत, नुसता करडा झालाय आणि दोन-तीन थर एकमेकांना चिकटून पापडासारखा उचलून येतो. खाली खुरप्यानं उकरलं तर पांढरी बुरशी नाही, गांडूळ नाही, गांडुळाची विष्ठा पण नाही. त्याच रानाच्या बांधावर कडुलिंब आहे, त्याच्याखालचा पाला मात्र बोटात चुरतो आणि माती काळी, वासाची. पाणी तर बांधाला कोण देतंय!

झाडाची कोवळी पालवी पिवळी, शिरा हिरव्या. फेरस दिलं, चिलेटेड झिंक दिलं, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं मग परत तेच. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी), स्युडोमोनास (उपयोगी जिवाणू), जीवामृत सगळं सोडून झालं. दुकानदार म्हणतो डोस डबल करा. त्याचं काय जातंय.

माती तपासली तर आळ्यातलं कॉपर १४.२ पीपीएम (दहा लाख भागांत १४.२) आलं. बांधावरची माती पण हौसेनं दिली होती, तिचं १.९. रिपोर्टात दोन्हीपुढं एकच शब्द छापलाय, 'पुरेसे'. तेल्या (तेलकट डागांचा रोग) आल्यापासून बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) आणि कॉपर ऑक्सीक्लोराईड चालूच आहे, ते सोडून तेल्या आवरत नाही हे इथं सगळ्यांना माहीत आहे. माझा प्रश्न एवढाच की फवारलेलं कॉपर जमिनीत असं साठून राहतं का, आणि पाला न कुजण्याशी त्याचा संबंध आहे का? का मी उगाच एका आकड्याच्या मागं लागलोय?

---

कासेगावचा बागवान (पंढरपूर)

मालक, बोर्डोला नावं ठेवू नका. द्राक्षात आमची हयात गेली. १८८५ साली फ्रान्समध्ये बोर्डोच्या मिलार्डे मास्तरांनी ते मिश्रण जगापुढं मांडलं, द्राक्षावरचा डाऊनी रोग त्यानंच आवरला, आणि आज एवढी नवीन औषधं आली तरी छाटणीनंतर पहिला हात बोर्डोचाच. इतकी वर्षं मारतोय, बाग उभी आहे.

पाला कुजत नाही याचं साधं कारण म्हणजे तुमच्या ठिबकचं पाणी दोन जागी पडतं आणि बाकी आळं कोरडं. सांगोल्याचा पाऊस तो केवढा. कोरड्यात काय कुजणार? एकदा आळं भिजवून, शेणाचा काला टाकून बघा आणि मग सांगा.

---

मातीवाली (सोलापूर)

माणकाठ, आकड्याच्या मागं लागलात ते बरं केलंत. बांधाची माती दिलीत हे तर फारच उत्तम. माती तपासणीत माझी बरीच वर्षं गेली, पण शेतकरी बांधाचा नमुना आपणहून आणतो असं क्वचित पाहिलं. कासेगावच्या आबांचा ओलाव्याचा मुद्दा खरा आहे, पण त्यानं तुमचं कोडं सुटत नाही, कारण बांधावर तर त्याहून कमी पाणी आहे आणि तिथं कुजतंय.

आधी त्या 'पुरेसे'चं बघू. तुमच्या रिपोर्टातले आकडे डीटीपीए चाचणीचे, ती मातीतला पिकाला मिळण्याजोगा अंशच मोजते. ही चाचणी लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी १९७८ मध्ये मांडली ती चुनखडीच्या जमिनीत जस्त, लोह, मँगनीज, तांबं कमी आहे का हे शोधायला. तांब्याची रेघ ०.२ पीपीएमवर आहे. ती ओलांडली की संगणक 'पुरेसे' छापतो, मग आकडा २ असो नाहीतर २००. जास्तीचं झालंय का, हे विचारायला तो तक्ता केलेलाच नाही. म्हणून छापील शब्द सोडा आणि १४.२ भागिले १.९ करा. सातपट. आणि हे नैसर्गिक नाही, कारण मूळ खडक दोन्हीकडं एकच.

हा मूळ खडकाचा मुद्दा मुद्दाम काढला. उद्या कुणी तुम्हाला 'एकूण तांबं' काढून देईल आणि युरोपातल्या आकड्यांशी ताडून घाबरवेल. २०१८ मध्ये युरोपीय संघातल्या जमिनींचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात सगळ्या जमिनींची सरासरी १७ पीपीएमच्या आसपास आणि द्राक्षबागांची ४९. आपला दख्खनचा बेसाल्ट जात्याच तांब्याचा, त्यात शंभर पीपीएम किंवा त्याहून वर सहज असतं. त्यामुळे आपल्या पडीक रानाचा एकूण आकडासुद्धा तिकडच्या बागेपेक्षा मोठा दिसेल, आणि त्यातलं बहुतेक खनिजात कुलूपबंद असतं. फवारणीचं तांबं तसं बंद नसतं, ते मातीच्या कणांच्या अंगाला चिकटून बसतं. म्हणून तुलना करायची ती आपल्याच बांधाशी.

साठतं का? हो. तांबं हा धातू आहे, तो कुजत नाही, उडून जात नाही. बाकीची बहुतेक बुरशीनाशकं कालांतरानं मोडतात, हे मोडणार कशात? सेंद्रिय कर्ब आणि चिकणमाती त्याला घट्ट धरतात, त्यामुळे पावसानंही फारसं खाली जात नाही, वरच्या १५ सेंटिमीटरमध्येच राहतं. आपल्याकडं तर पाऊसही बेताचा. फळांतून दर वर्षी बाहेर जातं ते ग्रॅममध्ये, आपण टाकतो किलोत. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या जुन्या द्राक्षबागांत एकूण तांबं तीन हजार पीपीएमपर्यंत मोजलं गेलंय.

आता सूक्ष्मजीव. तांबं बुरशीला मारतं ते ज्या रीतीनं, त्याच रीतीनं जमिनीतल्या जिवाणूंनाही. पेशीतल्या विकरांमध्ये गंधकाच्या जागा असतात, तिथं ते जाऊन बसतं. लोहाला त्याच्या जागेवरून हुसकावतं. पेशीचं अंतर्गत ज्वलन बिघडवतं. गंमत अशी की अगदी थोडं तांबं याच जिवांना हवं असतं. पाल्यातला कठीण भाग, म्हणजे लिग्निन, फोडणारं बुरशीचं लॅकेज नावाचं विकर तांब्याशिवाय बनतच नाही. अमोनियाचं नायट्रेटकडं पहिलं पाऊल टाकणाऱ्या जिवाणूंनाही ते लागतं. पण प्रमाण चढलं की हेच नायट्रेटवाले सगळ्यात आधी मंदावणाऱ्यांत असतात, शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून नत्र देणारे रायझोबियम जिवाणू तसेच. मुळांवरची मायकोरायझा, म्हणजे मुळांना मदत करणारी बुरशी, कमी होते. बुरशी एकूणात जिवाणूंपेक्षा जास्त सोसते.

जे उरतात ते तांबं सोसणारे असतात, आणि त्यांची शक्ती बरीचशी तग धरण्यातच जाते. अशा मातीत जिवांचं एकूण वजन घटतं, पण प्रत्येकाचा श्वास वाढलेला दिसतो. खातात जास्त, वाढतात कमी. गांडुळं तर तांब्याचा वास लागल्यासारखी जागाच सोडतात. युरोपात जुन्या फळबागांमध्ये नेमकं तुम्ही लिहिलंय तसंच नोंदवलेलं आहे, गांडुळं नाहीत आणि वर न कुजलेल्या पाल्याचा गालिचा. तुमचं ते पापडासारखं उचलून येणं वाचून मला रिपोर्टच्या आधीच अंदाज आला होता.

पालवीचं पिवळेपण मात्र मी सगळंच्या सगळं तांब्यावर ढकलणार नाही. चुनखडीत लोह तसंही मिळत नाही. तांबं त्यात भर घालतं, मुळाच्या दारात लोह आणि जस्ताशी भांडतं. दोन्ही मिळून होतंय.

एक सांगा. फवारणीला एकरी पाणी किती, कॉपरचे हात वर्षाला किती, आणि आळवणी (औषध पाण्यात कालवून मुळाशी ओतणं) केलीये का?

---

बार्शी लाईट (बार्शी)

ताई, बाजारात 'कॉपर खाणारे बॅक्टेरिया' म्हणून बाटली आलीये, साडेआठशे रुपये लिटर. याबद्दल काय?

---

मातीवाली (सोलापूर)

खाल्लं तरी ठेवणार कुठं? जिवाणू तांब्याचं रूप बदलू शकतो, पेशीत साठवू शकतो, पण मेला की ते परत त्याच आळ्यात. साडेआठशेचं शेणखत घ्या.

---

माणकाठ (सांगोला)

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, उपकार आहेत.

फवारणीला एकरी ३०० लिटर. एक टक्का बोर्डो वर्षाला दोनदा, छाटणीनंतर आणि बाग सोडल्यावर. कॉपर ऑक्सीक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम, चार हात धरा, पाऊसपाणी जास्त असलं तर वाढतात. आळवणी आहे. मर (उभी झाडं वाळणं) दिसायला लागली तेव्हापासून बहाराला एकदा, लिटरला तीन ग्रॅम कॉपर ऑक्सीक्लोराईड, झाडाला पाच लिटर. कुणी सांगितलं ते सोडा, आमच्याकडं सगळेच करतात.

---

मातीवाली (सोलापूर)

मग कागद घेऊन बसा, कारण चोर सापडलाय.

बोर्डोतल्या मोरचूदात तांबं साधारण २५ टक्के. १०० लिटरला १ किलो, म्हणजे ३०० लिटरला ३ किलो मोरचूद, त्यात ७५० ग्रॅम तांबं. दोन हात, दीड किलो. ऑक्सीक्लोराईडच्या पुड्यावरचे ५० टक्के म्हणजे धातूरूप तांबं. ३०० लिटरला ७५० ग्रॅम पावडर, तांबं ३७५ ग्रॅम, चार हात, पुन्हा दीड किलो. फवारणीतून वर्षाला एकरी ३ किलो झालं. युरोपीय संघानं २०१९ पासून घातलेली मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे एकरी वर्षाला १.६ किलो पडते. तुम्ही फवारणीतच दुपटीच्या जवळ आहात.

आता आळवणी. ३१० झाडं गुणिले ५ लिटर, साधारण १,५५० लिटर. गुणिले ३ ग्रॅम, साडेचार किलो पावडर, म्हणजे सव्वादोन किलो तांबं. एका दिवसात. फवारणीच्या ऑक्सीक्लोराईडचे सहा हात एकदम मातीत ओतल्यासारखं! आणि फवारणीचं तांबं निदान एकरभर विखुरतं, थोडं पाल्याबरोबर बाहेर जातं. आळवणीचं सगळं आळ्यात. एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण नऊ लाख किलो भरते. आळी त्यातला सातवा भाग धरली तर सव्वा लाख किलो मातीत सव्वादोन किलो तांबं, म्हणजे एका आळवणीला सतरा-अठरा पीपीएम. हे एकूण तांबं, रिपोर्टातलं १४.२ हा त्यातला फक्त मिळण्याजोगा अंश. किती बहार आळवणी झाली ते तुम्ही जाणता, गुणाकार करा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बोर्डो बंद करा असं मी म्हणणार नाही, तेल्या म्हणजे झँथोमोनास, तो जिवाणू आहे, बुरशीनाशकांना दाद देत नाही, आणि तांब्याला आज तरी सोपा पर्याय नाही. पण कॉपरची आळवणी आजपासून बंद. मर कशाची आहे ते आधी मुळं चिरून ओळखून घ्या. सेरॅटोसिस्टिस बुरशी असेल तर मुळाच्या आत लाकडावर तपकिरी-काळपट पट्टे दिसतील, आणि तिथवर आळ्यात ओतलेलं तांबं पोचतच नाही, ते वरच्या वीतभर मातीत अडकून बसतं. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तुमच्यापासून लांब नाही, मुळाचा तुकडा घेऊन जा.

जीवामृत, ट्रायकोडर्माचं असं की ज्या मातीत मूळचे जीव टिकले नाहीत तिथं बाटलीतले पाहुणे किती टिकणार? त्यातून स्युडोमोनास आणि कॉपर यांच्यात पंधरा दिवसांचं अंतर नसेल तर पैसे ठिबकमधून वाहून घालवताय. आधी घर राहण्याजोगं करा. पुरं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आळ्यात, भरपूर, दर वर्षी. ह्यूमस, म्हणजे कुजून झालेला सेंद्रिय भाग, तांब्याला बांधून ठेवतो. तांबं जमिनीतच राहतं, पण जिवांना लागणारा मोकळा अंश कमी होतो. तुमच्या मुरमाड रानात चिकणमाती कमी, त्यामुळे धरून ठेवायचं काम सगळं कर्बावरच आहे. कोंबडीखत टाळा. पोल्ट्रीच्या खाद्यात मोरचूद घालतात, ते विष्ठेतून तुमच्या आळ्यात येतं.

आणखी एक, हे कळकळीनं. चुनखडी 'फोडायला' म्हणून आळ्यात गंधक किंवा ठिबकमधून ॲसिड सोडण्याची सध्या टूम आहे. चुनखडी रान म्हणजे तुमचा सामू (pH) आठच्या वर असणार, आणि तेच तुमचं कवच आहे. त्या सामूला तांबं बहुतांश अडकून राहतं, म्हणून १४ असूनही झाडं उभी आहेत. तेच आंबट जमिनीत असतं तर मुळं आखूड, जाड, काळी पडलेली दिसली असती. ठिबकच्या तोंडाशी सामू पाडलात की अडकलेलं सुटायला लागतं. नळ्या साफ करायला लागतं तेवढं ॲसिड ठीक, पण तेसुद्धा लॅटरलची (झाडांजवळून जाणाऱ्या नळ्यांची) टोकं उघडून बाहेर काढा, आळ्यात नको.

---

कासेगावचा बागवान (पंढरपूर)

बाई, हिशेब पटला. आळवणी आम्ही द्राक्षात कधी केली नाही, म्हणून मला बोलायला सोपं गेलं म्हणा.

फवारणीतलं कॉपर कमी करायचं तर आमचा अनुभव सांगतो. बोर्डो नीट बनवा म्हणजे एका हातात काम होतं. मोरचूद वेगळं, चुना वेगळा विरघळवायचा, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात, लोखंडी भांड्यात नाही. मग मिसळून त्यात घासून चकचकीत केलेला विळा बुडवायचा, थोडा वेळ. पात्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडलाय. चुन्याची निवळी घाला, परत बुडवा, पातं पांढरं निघालं की मारा. आणि त्याच दिवशी संपवा, शिळं झालं की पानाला धरत नाही. आमच्याकडं पोरं दुकानातून तयार पुडा आणतात, आदल्या दिवशी भिजवतात, पाऊस आला की धुऊन जातं आणि मग परत मारतात. तिथं डबल कॉपर जातं बघा.

---

बार्शी लाईट (बार्शी)

आबांच्या बोलण्यात भर. कॉपर हायड्रॉक्साईड ५३.८ चा पुडा आहे, त्यात धातू ३५ टक्क्यांच्या आसपास आणि कण बारीक. लिटरला दोन ग्रॅम धरला तर ३०० लिटरला २१० ग्रॅमच तांबं जातं, ऑक्सीक्लोराईडचं ३७५. महाग पडतं, पण ताईंच्या हिशेबानं बघितलं तर बरं.

आणि माणकाठ, मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडाला फुलवलेली बाग) धरता का? मृगात सगळा पावसाळा पालवी आणि फळावर जातो, तेल्याला रान मोकळं. आमच्या पाहुण्यांनी हस्त बहार (पावसाळा सरताना फुलवलेला) धरायला सुरुवात केली तसे कॉपरचे हात आपोआप कमी झाले.

---

माणकाठ (सांगोला)

मृगच धरतो. पाण्याची खात्री तेव्हाच असते ओ, हस्त धरला आणि उन्हाळ्यात टँकर लावावा लागला तर फळाचा पैसा टँकरवाल्याचा. पण शेततळं झालंय आता, विचार करतो.

आळवणीचा गुणाकार केला. आकडा इथं लिहीत नाही, घरात कळला तर वडील जेवणार नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. आळ्यातला हा पापडी पाला गोळा करून जाळावा का? तेल्यासाठी पाला जाळा असं सगळे सांगतात. आणि खालच्या एकरातली झाडं विरळ झालीत, ती काढून तूर करायची आहे, ती येईल का?

---

मातीवाली (सोलापूर)

तेल्याचा डाग असलेला पाला बागेबाहेर न्यायलाच हवा. जाळा, पण राख परत आळ्यात टाकू नका. पाला जळतो, तांबं राखेत जसंच्या तसं उरतं, उलट घट्ट होऊन. बांधाच्या पलीकडं खड्ड्यात टाका, भाजीच्या वाफ्यात तर अजिबात नको. आणि पाल्याखाली ब्लीचिंग पावडर धुरळायची सवय असेल तर ती गरजेपुरतीच ठेवा, तांब्यानं वाचलेलं त्यानं जातं.

तुरीसाठी आधी झाडं काढून खोल नांगरट करा. एरवी मी वरची माती खाली घालायला सांगत नाही, पण इथं वरच्या वितीतलं तांबं फूटभर मातीत मिसळलं की आकडा निम्म्यावर येतो. पण तुमच्याकडं माती वीतभरच म्हणालात, तेव्हा खालच्या एकरात फूटभर माती असेल तरच हे करा, मुरूम वर येईल एवढं खाली जाऊ नका. मग लगेच तूर न करता एक हंगाम ताग घ्या आणि फुलावर येताच गाडा. ताग दोन ठिकाणी पेरा, एक ओळ जुन्या आळ्यांच्या रेषेत, एक दोन ओळींच्या मधल्या जागेत. महिना-सव्वा महिन्यानं ओल्या मातीत कुदळीनं रोपं उचला, ओढू नका, गाठी तुटतात. बादलीत मुळं धुवा आणि गाठी नखानं फोडून बघा. आत गुलाबी-लाल निघाली तर रायझोबियम कामावर आहे. आळ्याच्या ओळीत गाठीच नसतील किंवा आतून पांढऱ्या-हिरवट असतील आणि मधल्या ओळीत गुलाबी असतील, तर त्या एकरात तुरीला अजून थांबा, ज्वारी घ्या. ज्वारीला गाठींची गरज नाही.

ताग गाडल्यावर परत माती द्या. तीन नमुने वेगळे, जुन्या आळ्याचा, मधल्या पट्ट्याचा आणि तोच बांधाचा, तिन्ही ० ते १५ सेंटिमीटर. खुरपं स्टीलचं किंवा लाकडी घ्या, माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात गोळा करा. पितळी पातेलं किंवा मोरचूद विरघळवलेलं पिंप वापरलंत तर रिपोर्टात तुमचं भांडंच मोजलं जाईल.